पोकरच्या टेबलावर नवखा येतो कोठून?

कॅसिनोतल्या जवळपास प्रत्येक खेळात आपण घराविरुद्ध, म्हणजे कॅसिनोविरुद्ध, खेळतो; पोकरमध्ये मात्र शेजारी बसलेल्या माणसाविरुद्ध खेळतो. हा एक फरक नीट ध्यानात घेतला, तर जगभरात पोकरची लोकप्रियता कधी उसळते, कधी ओसरते आणि सध्या आपल्याकडे तिचे काय होते आहे, याचा बराचसा उलगडा होतो. रुलेटच्या चाकावर किंवा स्लॉट यंत्रात गेलेला पैसा थेट कॅसिनोच्या गल्ल्यात जमा होतो. पोकरमध्ये मी जिंकलेला प्रत्येक रुपया माझ्याच टेबलावरच्या कोणाचा तरी असतो, आणि कॅसिनो फक्त बहुतेक डावांतून आपला ठरलेला हिस्सा काढून घेतो. त्याला रेक म्हणतात; आपल्याकडच्या पत्त्यांच्या अड्ड्यावर जी नाल काढतात, तीच ही. याचा सरळ अर्थ असा, की टेबलावरचे सगळेच सारख्या तयारीचे असतील, तर नाल जाऊन सगळेच थोडेथोडे हरतात. कोणाला जिंकायचे असेल, तर कोणीतरी कच्चा खेळाडू तिथे येऊन बसावा लागतो. पोकरची भरभराट झाली ती नवख्यांना टेबलापर्यंत आणणारी वाट जेव्हा उघडली तेव्हा, आणि ही वाट बंद झाली की उतरण लागली. खेळ तोच राहिला.

ठाण्यात वाढलेल्या माझ्या पिढीला पत्ते नवे नव्हते. गणपतीत गावी गेल्यावर आरत्या-भजने उरकून जागरणासाठी मांडलेला डाव, गोकुळाष्टमीच्या रात्री चाळीच्या गॅलरीत चटईवर रंगलेली तीन पत्ती, आणि सकाळच्या लोकलमध्ये चौघांच्या मांड्यांवर ब्रीफकेस आडवी ठेवून ठाण्यापासून व्हीटीपर्यंत चालणारी रमी, हे सगळे आम्ही पाहत आलो. त्यामुळे टीव्हीवर आणि नंतर फोनवर पोकर आला, तेव्हा चाल, ब्लाइंड, शो या गोष्टी समजायला वेळ लागला नाही. वेगळे होते ते उघडे पत्ते. तीन पत्तीत प्रत्येकाचे तिन्ही पत्ते झाकलेले असल्याने समोरच्याची छाती किती, एवढाच अंदाज बांधता येतो. टेक्सास होल्डेम या पोकरच्या सर्वांत प्रचलित प्रकारात प्रत्येकाकडे दोनच झाकलेले पत्ते असतात आणि टेबलाच्या मधोमध पाच पत्ते सर्वांसाठी उघडले जातात: आधी तीन, मग एक, मग शेवटचा. दोन पत्त्यांच्या 1,326 जोड्या संभवतात. समोरचा माणूस प्रत्येक टप्प्यावर किती लावतो, केव्हा थांबतो, यावरून त्या 1,326 पैकी कोणत्या जोड्या त्याच्याकडे अजूनही असू शकतात हे गाळत जाणे, हा या खेळाचा गाभा आहे.

एक डाव जवळून पाहू. माझ्या हाती बदामाचा एक्का आणि बदामाची सत्ती आहे, आणि उघडलेल्या पहिल्या तीन पत्त्यांत दोन बदाम आहेत. मला पाच पत्ते दिसले, 47 दिसलेले नाहीत, आणि त्यांत 9 बदाम शिल्लक आहेत. पुढचाच पत्ता बदाम असण्याची शक्यता 47 मध्ये 9, म्हणजे शंभरात सुमारे 19. उरलेले दोन्ही पत्ते पाहायला मिळाले तर ती सुमारे 35 होते. डावात 3,000 रुपये आहेत आणि समोरच्याने 1,500 लावले. मला 1,500 घालून 4,500 मिळवायचे आहेत, म्हणजे चारांत एकदा जिंकलो तर बरोबरी साधते. शंभरात 19 हे 25 पेक्षा कमी आहे, तेव्हा केवळ पुढच्या एका पत्त्याच्या भरवशावर पैसे घालणे तोट्याचे. पण विचार इथे संपत नाही, कारण बदाम आलाच तर समोरचा आणखी किती घालील, त्याच्याकडे आत्ता खरोखर जोडी आहे की तोही पुढच्या पत्त्याची वाट पाहतो आहे, आणि मीच आता मोठी रक्कम पुढे ढकलली तर तो पत्ते टाकून देईल का, हे सगळे त्याच अर्ध्या मिनिटात तोलायचे असते. एका डावात याचे उत्तर पत्ताच ठरवतो. हजारो डावांत मात्र ज्याचे गणित आणि माणसांची पारख बरोबर, त्याच्याकडे पैसा सरकतो. मला हा खेळ मनापासून आवडतो तो यासाठी. आणि नेमक्या याच कारणाने नवख्याचे त्यात हळूहळू, पण खात्रीने नुकसान होते.

होल्डेमचा जन्म टेक्सासमधला. रॉब्सटाउन या गावाला तिथल्या विधिमंडळाने तसा मानही दिला आहे. 1960 च्या दशकात टेक्सासच्या जुगाऱ्यांनी तो लास व्हेगासला नेला, आणि 1970 मध्ये बेनी बिनियन यांनी आपल्या हॉर्सशू कॅसिनोत ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ सुरू केली. पहिल्या वर्षी जॉनी मॉस यांना विजेता ठरवले गेले ते खेळाडूंच्या मतदानाने. मुख्य स्पर्धेची 10,000 डॉलरची प्रवेश फी 1972 पासून आजवर बदललेली नाही. पुढची तीस वर्षे हा खेळ मुख्यतः व्यावसायिकांचा आणि हौशी श्रीमंतांचा राहिला, कारण बाहेरच्या माणसाला तो पाहण्यात रस वाटावा असे पडद्यावर काही दिसतच नसे. माणसे गंभीर चेहऱ्याने चिप्स, म्हणजे पैशांच्या बदल्यात घेतलेल्या चकत्या, सरकवत आणि पत्ते न दाखवता टाकून देत. हेन्री ओरेनस्टाइन या, नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या आणि पुढे खेळणी बनवण्याच्या व्यवसायात नाव कमावलेल्या गृहस्थांनी टेबलात बसवलेल्या कॅमेऱ्याची कल्पना काढली, तेव्हा झाकलेले पत्ते प्रेक्षकाला दिसू लागले. कोण खोटे लावतो आहे, म्हणजे हाती काही नसताना पैसे लावतो आहे, हे घरबसल्या कळू लागल्यावर पाहणाऱ्याला वाटू लागले, की हे मलाही जमेल.

2003 मध्ये त्या वाटण्याला पुरावा मिळाला. टेनेसीतल्या ख्रिस मनीमेकर या अकाउंटंटने शंभर डॉलरपेक्षाही कमी पैशांत इंटरनेटवरची पात्रता स्पर्धा खेळून मुख्य स्पर्धेतली जागा मिळवली आणि 839 जणांत पहिले येऊन 25 लाख डॉलर जिंकले. शेवटी दोघेच उरले असताना, सॅमी फारहा या मुरलेल्या व्यावसायिकाकडे नव्व्यांची जोडी होती आणि मनीमेकरकडे राजाखेरीज काही नव्हते. त्याला हवा असलेला पत्ता आला नाही, आणि तरी त्याने शेवटच्या पत्त्यावर सगळ्या चिप्स पुढे सारल्या. फारहाने बराच विचार करून पत्ते टाकले. तो डाव आजही पाहताना मला फारहाच्या बाजूनेच विचार करावासा वाटतो: इस्पिकचे तीन पत्ते समोर उघडे आहेत, समोरचा हौशी माणूस सर्वस्व लावतो आहे, आणि हौशी माणसे सहसा इतक्या मोठ्या रकमेचे खोटे लावत नाहीत. फारहाचा तर्क चुकीचा नव्हता.

त्यानंतरचे आकडे बोलके आहेत. मुख्य स्पर्धेत 2004 मध्ये 2,576 खेळाडू आले, 2005 मध्ये 5,619 आणि 2006 मध्ये 8,773. ही वाढ व्हेगासच्या कॅसिनोंनी घडवली नव्हती; घरच्या संगणकावर थोड्या पैशांत खेळायला शिकून माणसे तिथे येत होती. ऑक्टोबर 2006 मध्ये अमेरिकेने बेकायदा ऑनलाइन जुगाराकडे जाणारे पैसे बँकांमार्फत वळते करण्यावर बंदी आणली आणि पुढच्याच वर्षी हा आकडा 6,358 वर आला. पुढे तो पुन्हा चढला, पण 15 एप्रिल 2011 रोजी अमेरिकी सरकारने पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि अ‍ॅब्सोल्यूट पोकर या तिन्ही मोठ्या संकेतस्थळांवर कारवाई केली, तेव्हा खेळाडूंच्या शिकण्याची शाळाच बंद झाली. 2010 मध्ये 7,319 असलेली संख्या 2013 मध्ये 6,352 झाली, आणि त्या दशकात व्हेगासमधल्या अनेक कॅसिनोंनी आपल्या पोकर रूम बंद केल्या. कॅसिनोच्या बाजूने पाहिले तर ते समजण्यासारखे आहे. नऊ माणसांच्या टेबलाला एक डीलर, वर देखरेख करणारा, मोठी जागा, आणि मिळणार काय तर नाल. तेवढ्याच जागेत उभी केलेली स्लॉट यंत्रे पगार न मागता दिवसरात्र कमावतात.

याच काळात दुसरीही एक गोष्ट घडत होती. जानेवारी 2017 मध्ये पिट्सबर्गच्या एका कॅसिनोत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने चार अव्वल व्यावसायिकांना 1,20,000 डावांत स्पष्टपणे हरवले. तोवर सॉल्व्हर नावाची सॉफ्टवेअरे सामान्य खेळाडूंच्या हातीही आली होती, आणि कोणत्या पत्त्यांवर किती वेळा खोटे लावावे याचे कोष्टक ज्याला हवे त्याला मिळू लागले. त्यामुळे मधल्या फळीतला खेळाडू पूर्वीपेक्षा खूप कठीण झाला आणि नवख्याला सावरायला मिळणारा अवधी कमी झाला. तरीही करोनानंतर मुख्य स्पर्धेने 2023 मध्ये 10,043 आणि 2024 मध्ये 10,112 असे उच्चांक गाठले. माझ्या मते याचे श्रेय खेळाच्या थेट चित्रफितींना आणि टाळेबंदीत घराघरांत मांडल्या गेलेल्या डावांना जाते. पुन्हा नवी माणसे आली, वाट तेवढी वेगळी होती.

आता आपल्याकडे येतो. महाराष्ट्राने 1976 मध्ये कॅसिनोंचा कायदा केला खरा, पण तो कधीच अमलात आला नाही, आणि 2023 मध्ये सरकारने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. गोव्याने आपल्या 1976 च्या जुगारविषयक कायद्यात 1990 च्या दशकात दुरुस्त्या करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना आणि जहाजांवर टेबलावरच्या खेळांना परवानगी दिली. म्हणून खरे पत्ते, खरा डीलर आणि समोरासमोर बसलेली माणसे हवी असतील, तर ठाणेकराला पणजीला मांडवीवरच्या बोटींवर जावे लागते. रात्री ठाण्याहून कोकणकन्या पकडून सकाळी करमळीला उतरणारे आणि पनवेलहून जाणारे कितीतरी मी ओळखतो. डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यावर नेरूळ-खारघरच्या मंडळींना तर शुक्रवारची संध्याकाळही पुरू लागली. गोव्याने स्वतःच्या रहिवाशांना कॅसिनोत प्रवेश बंद केलेला असल्याने त्या टेबलांवर आपणच, म्हणजे बाहेरचे, एकमेकांसमोर बसतो.

पोकर कौशल्याचा की नशिबाचा, यावर आपल्या न्यायालयांत खूप झाले. सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये रमीला कौशल्याचा खेळ ठरवले. पोकरबाबत गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये विरुद्ध निर्णय दिला आणि इतरत्र वेगळी मते मांडली गेली. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने निदान इंटरनेटपुरता हा वाद निकाली काढला, कारण पैसे लावून खेळला जाणारा खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, तो चालवण्यावर सरसकट बंदी आली. 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि पोकरची सगळी परिचित अ‍ॅप पैशांचे टेबल बंद करून मोकळी झाली. या बंदीमागची कारणे खोटी नाहीत. पगार झाल्याच्या रात्री तो फोनवर घालवणारी, कर्जाचे हप्ते थकवणारी आणि घरी पत्ता लागू न देणारी माणसे माझ्याही ओळखीत होती, आणि त्यांच्या बायकांनी व आईवडिलांनी काय सोसले तेही मला ठाऊक आहे. कौशल्याचा खेळ आहे असे म्हणून हे झटकून टाकणारे लोक एक गोष्ट लपवतात: कुशल माणसाचे जिंकणे आणि त्या घरातले हरणे हा एकच व्यवहार आहे.

पण बंदीमुळे नवखा नाहीसा झाला नाही; तो आता तयारीविना मोठ्या टेबलावर येतो. फोनवर एक-दोन रुपयांच्या ब्लाइंडपासून, म्हणजे पत्ते पाहण्याआधी सक्तीने लावायच्या रकमेपासून, खेळता येत असे. बोटीवर मी ज्या सर्वांत छोट्या टेबलावर बसतो तिथे ब्लाइंड शंभराच्या घरात असतात. मागे एका शनिवारी माझ्या डाव्या हाताला घणसोलीचा एक तरुण बसला होता, ऐरोलीच्या आयटी कंपनीत नोकरी करणारा. पत्त्यांची समज त्याला चांगली होती. पण दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतर त्याने डीलरला विचारले, “डावात एकूण किती झाले?” डीलरने चिप्स नुसत्या पसरून दाखवल्या, कारण अशा टेबलावर बेरीज सांगण्याची पद्धत नसते. “काका, फोनवर हे सगळं वर लिहून यायचं,” तो मला हळूच म्हणाला. खरेच होते. फोनवर डावातली रक्कम, समोरच्याची शिल्लक, उरलेले सेकंद हे सगळे पडद्यावर असे. इथे ते स्वतः मोजत राहायचे, शेजाऱ्यांच्या गप्पा आणि वाढप्यांची ये-जा सांभाळत, आणि तेही प्रत्येक चूक पन्नासपट महाग पडत असताना. “थोडा वेळ पत्ते टाकत राहा, नुसतं बघ,” एवढेच मी त्याला सांगू शकलो, कारण चालू डावात याहून जास्त बोलणे नियमात बसत नाही.

त्यात नालीचा हिशेब बहुतेकांनी कधी केलेलाच नसतो. समजा नऊ जण प्रत्येकी 20,000 रुपये घेऊन बसले, म्हणजे टेबलावर 1,80,000 आले. तासाला 25 डाव झाले आणि एका डावातून सरासरी 200 रुपये नाल गेली, तर तासाला 5,000 आणि सहा तासांत 30,000 रुपये टेबलावरून उठून जातात. कोणी उत्तम खेळो वा वाईट, नऊ जणांत मिळून 1,50,000 उरतात. डीलरला दिलेली बक्षिसी त्यात धरलेली नाही. प्रत्येकाने आपल्या वाट्याचे तीन हजारांहून अधिक रुपये आधी भरून काढायचे आणि मगच तो जिंकू लागतो. त्यावर कर. ऑक्टोबर 2023 पासून कॅसिनोत चिप्स घेण्यासाठी भरलेल्या रकमेवर 28 टक्के जीएसटी लागू झाला आणि 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. हा भार कॅसिनोने उचलला काय किंवा खेळणाऱ्याने, पोकरपुरता तो अखेर टेबलावरच्याच पैशातून जाणार, कारण इथे दुसरा पैसाच नाही. शिवाय जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के प्राप्तिकर आहे, आणि हरलेल्या दिवसांची वजावट त्यातून मिळत नाही. वर्षभरात बरोबरीत राहिलेला खेळाडूही कर भरून तोट्यातच जातो. भारतीय खेळाडूंनी बाहेर मोठी मजल मारली आहे. निकिता लूथर यांनी 2018 मध्ये आणि संतोष सुवर्णा यांनी 2024 मध्ये व्हेगासला मिळवलेली विजेतेपदे मला अभिमानाची वाटतात. पण इथल्या कॅसिनोत बसून या खेळावर घर चालवू पाहणाऱ्याला मी तरी हे आकडे समोर ठेवूनच बोलेन.

सध्या बोटींवरची पोकरची टेबले भरलेली दिसतात, आणि त्यावरून काहीजण आपल्याकडे समोरासमोरच्या पोकरला सुगीचे दिवस आले असे म्हणू लागले आहेत. मला तसे वाटत नाही. आज तिथे दिसणारी बहुतेक तरुण मंडळी ऑगस्ट 2025 च्या आधी फोनवर शिकलेली आहेत. त्यांच्यामागून येणारी फळी कोठे शिकणार, याची सोय कोणी केलेली नाही. एक-दोन हंगामांत कच्चे खेळाडू पैसे संपवून किंवा शहाणे होऊन उठतील, पक्के खेळाडू एकमेकांसमोर बसून नाल आणि कर भरत राहतील, आणि मग टेबले कमी होऊ लागतील, असा माझा अंदाज आहे.

आम्ही काही जण शनिवारी संध्याकाळी नेरूळच्या एका सोसायटीत जमून पैशाविना खेळतो. प्लॅस्टिकच्या चिप्स सर्वांना सारख्या वाटायच्या आणि ज्याच्या संपतील त्याने डीलर व्हायचे. प्रत्येक मोठ्या डावानंतर पत्ते उघडून कोणी काय विचार केला यावर बोलणे होते, आणि त्यातून नवीन आलेल्यांची समज लवकर वाढते हे मी पाहतो आहे. पैसे नसले की पोकरला अर्थ नाही, असे म्हणणाऱ्यांशी मी पूर्णपणे सहमत नाही. पैशाविना माणसे सैल खेळतात हे खरे, पण चिप्स संपल्यावर उरलेली संध्याकाळ पत्ते वाटत बसावे लागते, एवढ्यानेही बरेच जण सावध होतात. बोट चालवणाऱ्यांनी मनावर घेतले, तर अगदी छोट्या ब्लाइंडचे आणि नालीला कमी मर्यादा असलेले एखादे टेबल आठवड्यातल्या मंद दिवशी चालवणे त्यांना अशक्य नाही. चिप्सच्या खरेदीवर 40 टक्के कर असेपर्यंत मात्र त्या टेबलाचा हिशेब त्यांनाही जुळणार नाही, आणि निदान पोकरपुरता हा कर चिप्सऐवजी नालीवर लावावा, अशी माझी स्पष्ट मागणी आहे.